भेंडीचा वंश : नाव, वर्ग आणि गुणसूत्र
मद्रासच्या अभ्यासपरंपरेच्या संदर्भात एका पिकाच्या उगमचर्चेचा विचार

बटाटा, मिरची, टोमॅटो ही पिके अमेरिकेतून आली, ही गोष्ट आता सर्वपरिचित आहे. भेंडीच्या बाबतीत मात्र असा निःशंक निर्वाळा देता येत नाही. जगातील भेंडीच्या एकूण उत्पादनापैकी निम्म्याहून अधिक उत्पादन एकट्या भारतात होते. तिचे नाव मराठी, गुजराती, हिंदी, कन्नड, तेलुगू, तमिळ, मलयाळम या भाषांत परस्परांशी मिळतेजुळते आहे, आणि तिचे रानटी आप्त दख्खनच्या काळ्या जमिनीपासून उत्तरेच्या मैदानापर्यंत आढळतात. तरीही एकोणिसाव्या शतकातील वनस्पतिविद्येने तिला आफ्रिकी ठरविले, विसाव्या शतकाच्या मध्यास तिच्या भारतीय नात्यांचा पुरावा पुढे आला आणि एकविसाव्या शतकातील जनुकसंचाच्या अभ्यासाने हा प्रश्न पुन्हा नव्या रूपात उभा केला.

या चर्चेत तौलनिक अभ्यासकाचे लक्ष वेधून घेणारी बाब अशी की, तिचा पहिला निर्णय वनस्पतीच्या नव्हे, शब्दाच्या साक्षीवर दिला गेला. वनस्पतीला संस्कृत नाव नाही, म्हणून ती भारतीय नाही, असे ते अनुमान होते. या अनुमानामागे 'भारतीय' म्हणजे 'संस्कृत' हे गृहीत होते. ज्या काळात ते मांडले गेले त्याच्या कितीतरी आधी मद्रासमध्ये, म्हणजे आजच्या चेन्नईत, भाषा आणि वनस्पती या दोन्ही क्षेत्रांत या गृहीताला छेद देणारे काम झालेले होते. या दोन परंपरा एकत्र वाचल्या असता भेंडीच्या उगमाचा प्रश्न कसा बदलतो, हे पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

१. 'संस्कृत नाव नाही' : एका अनुमानाचा इतिहास

स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ आल्फाँस द कांदोल यांनी १८५५ मध्ये वनस्पतींच्या भौगोलिक वितरणावरील ग्रंथात आणि त्यानंतर १८८२-८३ मध्ये लागवडीच्या वनस्पतींच्या उगमावरील सुप्रसिद्ध ग्रंथात भेंडीचा विचार केला. त्यांची पद्धती आजही आदर्श मानावी इतकी व्यापक होती. वनस्पती रानटी अवस्थेत कोठे सापडते, जुने प्रवासी आणि ग्रंथकार काय नोंदवतात, आणि निरनिराळ्या भाषांत तिला कोणती नावे आहेत, या तिन्ही प्रकारच्या साक्षी ते एकमेकींशी ताडून पाहत.

भेंडीबाबत त्यांनी आशियाई उगमाची शक्यता प्रथमपासूनच बाजूला ठेवली. त्याची दोन कारणे त्यांनी दिली. पहिले, तिला संस्कृत नाव नाही. दुसरे, भारतीय वनस्पतींच्या आद्य अभ्यासकांनी ती रानटी अवस्थेत पाहिलेली नाही. पुढे हूकर यांच्या संपादनाखालील ब्रिटिश भारताच्या वनस्पतिकोशात ती बहुधा येथलीच असावी, असे मत नोंदविले गेले, तेव्हा द कांदोल यांनी प्रश्न पुन्हा तपासला; पण निष्कर्ष बदलला नाही. आफ्रिकेच्या बाजूने त्यांच्याकडे भक्कम पुरावे होते. श्वाइनफुर्ट आणि आशेरसन यांनी नाईलच्या खोऱ्यात, न्यूबिया, कोर्दोफान, सेन्नार, ॲबिसिनिया या प्रदेशांत ही वनस्पती रानटी पाहिल्याची नोंद होती. सेव्हिलचा अरबी वनस्पतिज्ञ अबुल अब्बास अल्-नबाती याने १२१६ मध्ये इजिप्तला भेट दिली असता तेथील लागवडीतील या वनस्पतीचे स्पष्ट वर्णन केले होते. फ्ल्यूकिगर आणि हॅनबरी यांनी उजेडात आणलेला हा संदर्भ द कांदोल यांना निर्णायक वाटला.

ब्राझीलचा पुरावाही त्यांनी भाषेतूनच काढला. सतराव्या शतकात मार्कग्राफ याने ब्राझीलच्या मळ्यांत ही भाजी पाहिली तेव्हा तिच्यासाठी काँगो-अंगोलाकडील नाव नोंदविले. त्यावरून ती गुलामांच्या जहाजांबरोबर आफ्रिकेतून अमेरिकेत गेली, हे उघड होते. आज इंग्रजीत रूढ असलेला 'ओक्रा' हा शब्द पश्चिम आफ्रिकेतील इग्बो भाषेतील मानला जातो, तर अमेरिकेतील 'गंबो' हा बांटू भाषांतील शब्दाशी जोडला जातो. अटलांटिकपलीकडील प्रवासाच्या बाबतीत शब्द आणि वनस्पती एकाच वाटेने गेल्या, याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही.

प्रश्न आहे तो हिंदी महासागराच्या बाजूचा. अमेरिकेत शब्दाच्या अस्तित्वावरून अनुमान काढले गेले. भारतात ते शब्दाच्या अभावावरून काढले गेले, आणि तेही एका भाषेतील अभावावरून. संस्कृत कोशपरंपरेत 'भिण्डा', 'भिण्डीतक' यांसारखी रूपे नोंदलेली आढळतात. त्यामुळे हा अभावही निखळ नाही. परंतु ही रूपे प्रामुख्याने कोशांतील असून त्यांचा घाट देशी शब्दांचा आहे. अभिजात संस्कृत वाङ्मयात ज्या वनस्पतींचा वावर आहे त्यांच्या पंक्तीला भेंडी बसत नाही, हे द कांदोल यांचे निरीक्षण ढोबळमानाने मान्य करावे लागते. अमान्य करावयाचे ते त्यावरून काढलेले अनुमान. एखादी गोष्ट संस्कृतात नसणे आणि भारतात नसणे, ही दोन विधाने एकच नव्हेत.

२. मद्रास : भाषा आणि वनस्पती यांच्या दोन वह्या

ही दोन विधाने वेगळी आहेत, हे शास्त्रीय पुराव्यानिशी प्रथम मद्रासमध्ये मांडले गेले. १८१६ मध्ये कॅम्पबेल यांचे तेलुगू व्याकरण मद्रास येथे प्रसिद्ध झाले. त्याला जोडलेल्या टिपणात फ्रान्सिस व्हाइट एलिस यांनी तमिळ, तेलुगू आणि कन्नड या भाषांतील धातूंच्या याद्या समोरासमोर ठेवल्या आणि या भाषा परस्परांच्या भगिनी असून त्यांचा पाया संस्कृतापासून स्वतंत्र आहे, असे दाखविले. संस्कृतातून आलेले शब्द आणि मूळचे शब्द वेगळे करण्याची येथील व्याकरणकारांची 'तत्सम', 'तद्भव', 'देश्य' ही जुनी विभागणी त्यांनी या सिद्धांतासाठी उपयोगात आणली. कॉल्डवेल यांचे द्राविड भाषांचे तौलनिक व्याकरण त्यानंतर चाळीस वर्षांनी, १८५६ मध्ये आले. म्हणजे द कांदोल यांनी 'संस्कृत नाव नाही' हा पुरावा प्रथम मांडला तेव्हा एलिस यांचे टिपण जवळजवळ चार दशके जुने होते.

दुसरी वही वनस्पतींची. मद्रासमधील कंपनी सरकारच्या वैद्यकांना स्थानिक नावांवाचून गत्यंतर नव्हते, कारण औषधी बाजारातून आणावयाची ती त्याच नावांनी. व्हाइटलॉ एन्स्ली यांचा १८१३ मध्ये मद्रास येथे छापलेला हिंदुस्थानी औषधिद्रव्यांचा ग्रंथ तमिळ, तेलुगू, दख्खनी, संस्कृत अशी नावे एकत्र देतो. नावांच्या अशा समांतर मांडणीत कोणतीही एक भाषा अंतिम साक्षीदार ठरत नाही.

याच परंपरेतील पुढचे मोठे नाव रॉबर्ट वाइट यांचे. १८१९ मध्ये ते शल्यवैद्य म्हणून मद्रास इलाख्यात आले आणि १८२६ मध्ये मद्रास सरकारचे निसर्गवैज्ञानिक झाले. स्कॉटलंडमधील वॉकर-आर्नट यांच्या सहकार्याने त्यांनी द्वीपकल्पीय भारताच्या वनस्पतींचा ग्रंथ १८३४ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे १८३८ ते १८५३ या काळात मद्रासमध्ये छापून घेतलेल्या त्यांच्या चित्रग्रंथाचे सहा खंड झाले. त्यांतील असंख्य चित्रे रुंगय्या आणि गोविंदू या स्थानिक चित्रकारांच्या हातची आहेत. भेंडीच्या इतिहासात वाइट यांचे स्थान असे की, दख्खन आणि दक्षिणेतील रानभेंडीला आज मान्य असलेल्या शास्त्रीय नावापुढे, म्हणजे 'ॲबेलमोस्कस फिकुल्नियस' या नावापुढे, वाइट आणि आर्नट यांचाच उल्लेख केला जातो. लिनीअसने हिबिस्कसमध्ये घातलेली ही जाती त्यांनी ॲबेलमोस्कस प्रजातीत आणली. भेंडीची संभाव्य पूर्वज म्हणून सव्वाशे वर्षांनी जिचे नाव पुढे यावयाचे होते, ती वनस्पती अशा रीतीने मद्रासच्या वहीत नोंदली गेली होती. एलिस यांची वही आणि वाइट यांची वही एकाच शहरातल्या. पण भेंडीच्या उगमाच्या चर्चेत त्या एकत्र उघडल्या गेल्या नाहीत.

३. वेण्डै, बेंडे, भेंडी

एलिस यांच्या पद्धतीने पाहिले असता भेंडीच्या नावांचे चित्र काय दिसते? तमिळमध्ये 'वेण्डै', मलयाळममध्ये 'वेण्ड', कन्नडमध्ये 'बेंडे', तेलुगूत 'बेंड'. मराठीत 'भेंडी', गुजरातीत 'भींडा', हिंदीत 'भिंडी'.

तमिळ आणि कन्नड रूपांचा संबंध नियमित आहे. शब्दारंभीचा 'व्' तमिळमध्ये टिकतो आणि कन्नडमध्ये 'ब्' होतो. 'मूळ' या अर्थी तमिळमध्ये 'वेर्' आणि कन्नडमध्ये 'बेरु', 'ये' या अर्थी तमिळमध्ये 'वा' आणि कन्नडमध्ये 'बा', ही त्याची परिचित उदाहरणे. 'वेण्डै' आणि 'बेंडे' या नियमात तंतोतंत बसतात. तेवढ्यावर थांबल्यास हा शब्द द्राविड भाषांचा समाईक वारसा आहे, असे म्हणण्याचा मोह होईल. परंतु तेलुगू रूप आडवे येते. तेलुगूत हा 'व्' सामान्यतः टिकतो. 'मूळ' या अर्थी तेलुगूतही 'वेरु' असाच शब्द आहे. तेव्हा वारशाने आलेला शब्द तेलुगूत 'वेंड' असा हवा होता. प्रत्यक्षात तो 'बेंड' आहे. याचा अर्थ, निदान तेलुगूत तरी हा शब्द शेजारून आलेला दिसतो.

उलट दिशेचे अनुमानही तितकेच अडखळते. मराठी 'भेंडी' किंवा तत्सदृश रूप तमिळने थेट उचलले असते तर महाप्राण 'भ्' च्या जागी 'प्' आला असता. 'भूमि', 'भक्ति' हे शब्द तमिळ लिपीत 'प' या अक्षरानेच लिहिले जातात. 'वेण्डै'मधील 'व' त्या वाटेने आलेला नाही. कन्नड 'बेंडे' मध्यस्थ मानला तर दोन्ही बाजूंची संगती लागू शकते. आणि कन्नड ही भौगोलिकदृष्ट्याही मराठी व तमिळ यांच्या मधली भाषा आहे. ध्वनिविचारातून निष्पन्न होते ते एवढेच की, हा शब्द दक्षिण आणि पश्चिम भारतात दीर्घकाळ एका भाषेतून दुसरीत फिरत होता. अशा शब्दाचा शोध केवळ संस्कृतात घेणे म्हणजे नदीचा उगम तिच्या एका उपनदीत शोधण्यासारखे आहे. मलाय भाषेत भेंडीला 'बेंडी' म्हणतात; म्हणजे आग्नेय आशियात हे नाव भारतातून गेले. अरबी जगात मात्र 'बामिया' हे वेगळेच नाव रूढ झाले आणि तुर्की व ग्रीक भाषांनी ते घेतले. एकाच भाजीची ही नावे तीन निराळी व्यापारी मंडळे दाखवतात : अटलांटिकचे, भूमध्य समुद्राचे आणि बंगालच्या उपसागराचे.

नावांच्या साक्षीला आणखी एक मर्यादा आहे. नाव एका वनस्पतीला चिकटून राहत नाही. मराठीत 'भेंडी' ही भाजी आहे, तसेच 'भेंडी' हे किनाऱ्यालगत वाढणारे एक मोठे झाडही आहे. त्याचे शास्त्रीय नाव 'थेस्पेशिया पॉप्युल्निया'. चेन्नईच्या रस्त्यांवर आणि समुद्रकाठी हे झाड सर्रास दिसते, पण तमिळमध्ये त्याचा 'वेण्डै'शी काही संबंध नाही. तेथे ते 'पूवरसु' आहे. 'अरसु' म्हणजे पिंपळ. पिंपळासारखे पान असलेले फुलझाड, असा त्या नावाचा बोध होतो. लॅटिन 'पॉप्युल्निया'मध्ये पॉप्लर वृक्षाच्या पानाशी साम्य अभिप्रेत आहे. तमिळ आणि लॅटिन नावांनी पान पाहिले. मराठी नावाने पिवळे, तळाशी गडद ठिपका असलेले फूल पाहिले असावे, कारण भेंडीचे फूल नेमके तसेच असते. याखेरीज मराठीत 'भेंड' म्हणजे बाशिंगे व शोभेच्या वस्तू करण्यासाठी वापरला जाणारा वनस्पतीचा हलका गाभा. कन्नड-तेलुगूतील 'बेंडु' या शब्दाचाही तोच अर्थ आहे. तेव्हा एखाद्या जुन्या मजकुरात 'भेंडी' किंवा 'भेंड' आढळल्यास तो भाजीचा उल्लेख आहे, असे सरळ मानता येत नाही. नावाचा अभाव जसा पुरावा नव्हे, तसे नावाचे अस्तित्वही एकट्याने पुरावा नव्हे.

४. वर्गीकरण : पाकळ्यांबरोबर गळणारा निदलपुंज

लोकांनी केलेली ही विभागणी आणि शास्त्रीय वर्गीकरण यांची तुलना उद्बोधक आहे. १७५३ मध्ये लिनीअसने भेंडीला 'हिबिस्कस एस्क्युलेंटस', म्हणजे खाद्य जास्वंद असे नाव दिले. त्याच ग्रंथात भेंडीच्या झाडाला त्याने 'हिबिस्कस पॉप्युल्नियस' म्हटले. म्हणजे मराठी बोलीने ज्या दोन वनस्पती एका नावाखाली आणल्या, त्या लिनीअसनेही एकाच प्रजातीत घातल्या. झाडाची स्वतंत्र थेस्पेशिया प्रजाती १८०७ मध्ये प्रसिद्ध झाली. आजही दोन्ही वनस्पती एकाच जास्वंद कुलात मोडतात.

भाजीच्या भेंडीला जास्वंदीपासून वेगळे करण्याचा प्रयत्न मेडिकुस यांनी १७८७ मध्ये केला. त्यांनी ॲबेलमोस्कस ही स्वतंत्र प्रजाती मांडली. हे नाव अरबीतून आले असून त्यात 'मिस्क' म्हणजे कस्तुरी हा शब्द आहे. ते मुळात सुगंधी बियांच्या जातीला लागू होते. तिला मराठीत 'कस्तुरभेंडी', तमिळमध्ये 'कस्तूरि वेण्डै', संस्कृतात 'लताकस्तूरी' म्हणतात. चारही भाषांनी येथे एकाच गुणावर बोट ठेवले आहे. खाद्य भेंडी या प्रजातीत आणण्याचे श्रेय मोंख यांना दिले जाते (१७९४), आणि 'ॲबेलमोस्कस एस्क्युलेंटस' हेच नाव आज प्रमाण मानले जाते.

वाद मात्र मिटला नाही. १८२४ मध्ये ओग्युस्तँ पिराम द कांदोल यांनी ॲबेलमोस्कसला पुन्हा हिबिस्कसचा एक विभाग केले. हे आल्फाँस यांचे वडील. भेंडीचा वर्ग पित्याने ठरविला आणि तिचा देश पुत्राने. दहा वर्षांनी वाइट आणि आर्नट यांनी मात्र ॲबेलमोस्कसला स्वतंत्र प्रजाती मानले. विसाव्या शतकात, १९२४ मध्ये, होक्रॉयटिनेर यांनी तिच्या वेगळेपणाचे लक्षण नेमके सांगितले, तेव्हापासून ती सामान्यतः स्वीकारली गेली.

ते लक्षण स्वयंपाकघरातही पडताळता येते. भेंडीच्या फुलाचा निदलपुंज एका बाजूने फाटतो आणि फूल कोमेजताच पाकळ्यांसह गळून पडतो. म्हणून बाजारातल्या भेंडीच्या बुडाशी पाकळ्यांखालचे हिरवे आवरण दिसत नाही. हिबिस्कसमध्ये तो फळाभोवती टिकून राहतो. लाल अंबाडीचा आंबट, मांसल भाग जो सरबतासाठी वापरतात, तो हा टिकलेला निदलपुंजच होय. अंबाडी आणि भेंडी यांच्यातला हा फरक शेतकऱ्याला आणि गृहिणीला ठाऊक होता. वर्गीकरणाने त्याला लक्षणाचा दर्जा दिला.

५. गुणसूत्रांची साक्ष

नाव आणि आकार यांनी जे सुटले नाही, तेथे विसाव्या शतकात पेशीविज्ञानाने प्रवेश केला. भेंडीच्या गुणसूत्रांची संख्या प्रथमपासूनच गोंधळात टाकणारी ठरली. निरनिराळ्या अभ्यासकांनी ६६ पासून १४४ पर्यंतचे आकडे दिले; सर्वाधिक आढळणारा आकडा १३० हा आहे. एवढी मोठी संख्या ही वनस्पती बहुगुणित असल्याचे, म्हणजे तिच्या पेशीत एकाहून अधिक पूर्वजांचे गुणसूत्रसंच एकत्र आल्याचे सुचविते.

१९५२ मध्ये पाल, सिंग आणि स्वरूप यांनी उत्तर भारतातील एका रानटी जातीचे वर्णन 'ॲबेलमोस्कस ट्युबरक्युलॅटस' या नावाने केले. तिच्या गुणसूत्रांची संख्या ५८. चारच वर्षांनी, १९५६ मध्ये, भारतीय कृषी संशोधन संस्थेतील ए. बी. जोशी आणि एम. डब्ल्यू. हरदास यांनी भेंडी आणि ही रानटी जाती यांच्या संकराचा अभ्यास 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. संकरित वनस्पतीला भेंडीकडून ६५ आणि रानटी जातीकडून २९ अशी ९४ गुणसूत्रे मिळतात. जननपेशी तयार होताना त्यांपैकी २९ जोड्या जुळल्या आणि ३६ गुणसूत्रे एकटी राहिली. रानटी जातीच्या प्रत्येक गुणसूत्राला भेंडीत आपला जोडीदार सापडला, असा याचा अर्थ. भेंडीच्या ६५ पैकी २९ गुणसूत्रांचा संच अशा रीतीने ट्युबरक्युलॅटसच्या वंशाशी जुळला.

उरलेल्या ३६ चा दाता कोण? येथे मद्रासच्या वहीतील रानभेंडी पुढे येते. ॲबेलमोस्कस फिकुल्नियस या जातीत ७२ गुणसूत्रे असतात, म्हणजे जननपेशीत ३६. एकोणतीस आणि छत्तीस मिळून पासष्ट. आकड्यांचा मेळ विलक्षण आहे, आणि दोन्ही जाती भारतात आढळतात. त्यामुळे भेंडीचा उगम भारतातील दोन रानटी जातींच्या नैसर्गिक संकरातून, पुढे त्याची गुणसूत्रे दुप्पट होऊन झाला असावा, या मताला बळ मिळाले. तथापि ट्युबरक्युलॅटसबाबत जोड्या प्रत्यक्ष जुळल्याचा पुरावा आहे. फिकुल्नियसचे स्थान मुख्यतः बेरजेवर उभे आहे आणि ते सर्वमान्य झालेले नाही.

दुसऱ्या बाजूने आफ्रिकेचा दावाही दुबळा पडला नाही. वाव्हिलोव्ह यांनी भेंडीची गणना इथिओपियाच्या केंद्रात केली होती. पश्चिम आफ्रिकेत तर भेंडीची एक वेगळीच जाती लागवडीत असल्याचे सीमन्स्मा यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी दाखविले. तिच्यात सुमारे १८५ ते २०० गुणसूत्रे असतात. नेहमीची भेंडी आणि मॅनिहॉट ही आशियाई जाती यांचे संच एकत्र येऊन ती झाली असावी, असे मानले जाते. १९८८ मध्ये स्टीव्हल्स यांनी तिला 'ॲबेलमोस्कस कैलेई' हे नाव दिले. म्हणजे दोन संचांची भेंडी आफ्रिकेत गेल्यावर तिसऱ्याशी जोडली गेली, आणि आफ्रिकी भेंडीच्या पोटात आशियाई वंश आहे.

२०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकसंचाच्या अभ्यासाने ६५ गुणसूत्रांची संख्या पक्की केली, एकेरी जनुकसंचाचा आकार सुमारे १.४५ अब्ज आधारक-जोड्या असल्याचे दाखविले आणि त्यात निदान दोन उपसंच असल्याचे निश्चित केले. मात्र त्या विभागणीत एका उपसंचात ३० व दुसऱ्यात ३५ गुणसूत्रे येतात. २९ आणि ३६ नव्हे. हा फरक लहान असला तरी पूर्वीची सुबक बेरीज जशीच्या तशी स्वीकारता येणार नाही, हे त्याने स्पष्ट केले. दोन्ही उपसंच परस्परांत फारसे न मिसळता शेजारी शेजारी नांदत आले आहेत, ही त्या अभ्यासातील आणखी एक महत्त्वाची गोष्ट.

६. केवडा आणि रानटी आप्त

वंशाची ही चर्चा केवळ बौद्धिक नाही. शेतात तिचे मोल रोगाच्या रूपाने चुकते करावे लागते. भेंडीची पाने शिरांपासून पिवळी पडत जाणाऱ्या रोगाची नोंद कुलकर्णी यांनी १९२४ मध्ये मुंबई इलाख्यातून केली. मराठी शेतकरी या रोगाला 'केवडा' म्हणतो. पानाचा रंग केतकीच्या पातीसारखा होतो म्हणून. ज्वारी-मक्यावरील एका वेगळ्याच, बुरशीसारख्या सूक्ष्मजीवामुळे होणाऱ्या रोगालाही हेच नाव आहे; येथेही नाव लक्षणाला पडले आहे, कारणाला नव्हे. कारणाचा शोध उप्पल, वर्मा आणि कपूर यांनी पुण्यात घेतला. हा रोग विषाणूमुळे होतो, हे त्यांनी १९४० मध्ये मांडले, आणि पांढरी माशी तो पसरविते, हे पुढे कपूर व वर्मा यांच्या कामातून स्पष्ट झाले. २००३ मध्ये मदुराई कामराज विद्यापीठातील जोस आणि उषा यांनी दाखविले की, विषाणू एकटा हा रोग पुरा घडवीत नाही. त्याच्यासोबत एक उपग्रही डीएनए असावा लागतो.

या विषाणूच्या इंग्रजी नावात 'ओक्रा' नाही, 'लेडीज फिंगर' नाही आणि हिंदी 'भिंडी'ही नाही. तेथे 'भेंडी' आहे. पुण्यातील शास्त्रज्ञांच्या लेखणीतून गेलेले हे रूप मदुराईच्या प्रयोगशाळेत आणि जगभरच्या विषाणुविज्ञानात तसेच वापरले जाते.

रोगाला तोंड देणारे वाण शोधताना रानटी आप्तांकडे जाणे भाग पडले. दिल्लीत निघालेला 'पुसा सावनी' हा वाण आरंभी रोगाला दाद देत नसे. पुढे त्याची प्रतिकारशक्ती ढासळली. परभणी येथील मराठवाडा कृषी विद्यापीठात जांभळे आणि नेरकर यांनी पुसा सावनीचा मॅनिहॉट जातीशी संकर केला. अशा संकरातील पहिली पिढी बहुतांशी वांझ असते. म्हणून तिचा पुन्हा पुन्हा भेंडीशी संकर करीत फळाचे गुण परत आणावे लागतात. त्यातून निघालेल्या 'परभणी क्रांती' या वाणाचा वृत्तांत १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि महाराष्ट्राबाहेरही तो दीर्घकाळ लावला गेला. १९८१ च्या अभ्यासात याच दोघांनी रानटी जातीतील प्रतिकार एका प्रभावी जनुकावर अवलंबून असल्याचे दाखविले होते. इतरांनी अन्य जनकांवर काम करून दोन अप्रभावी, तर कोणी दोन परस्परपूरक प्रभावी जनुके सांगितली. हे निष्कर्ष परस्परविरोधी वाटतात. प्रत्यक्षात प्रत्येकाने वेगळ्या जनकाची साक्ष नोंदविली आहे.

येथे वर्गीकरणाचा प्रश्न पुन्हा दारात येतो. पश्चिम आफ्रिकेतील जी भेंडी १९८८ नंतर कैलेई ठरली, ती पूर्वी 'मॅनिहॉट' या नावाखालीच नोंदली जात असे. त्यामुळे त्याआधीच्या संकरांच्या अहवालात 'मॅनिहॉट' वाचताना ती आशियाई जाती की आफ्रिकी, हे संग्रहाच्या मूळ ठिकाणावरूनच ताडावे लागते. परभणी क्रांतीही पुढे अनेक ठिकाणी केवड्याला बळी पडू लागली. नवा प्रतिकार शोधणाऱ्याला जुन्या वाणातील जनुक कोठून आले हे कळले नाही, तर तो नकळत त्याच घरी पुन्हा जाईल.

७. समारोप

या विवेचनातून तीन गोष्टी पुढे येतात. पहिली, एकोणिसाव्या शतकातील निर्णयात पुरावा अपुरा होता त्यापेक्षा साक्षीदारांची निवड अपुरी होती. अल्-नबाती आणि श्वाइनफुर्ट यांची साक्ष आजही टिकून आहे. टिकली नाही ती संस्कृतच्या मौनावरून काढलेली साक्ष. एलिस यांच्या टिपणाने ज्या भाषांना स्वतंत्र साक्षीचा अधिकार दिला होता, त्यांना भेंडीच्या खटल्यात बोलावलेच गेले नाही. त्यांना बोलावले असता भेंडी भारतीय ठरली असती, असे नव्हे. तिचे नाव येथे अनेक भाषांतून दीर्घकाळ वावरले आहे आणि त्या वावराचा खुलासा आवश्यक आहे, एवढे मान्य करावे लागले असते.

दुसरी, नाव, आकार आणि गुणसूत्र या तिन्ही साक्षी वेगवेगळ्या घटनांबद्दल बोलतात. नाव व्यापाराबद्दल आणि शेजाराबद्दल सांगते, आकार आप्तसंबंधाबद्दल, गुणसूत्रे संकराबद्दल. इजिप्तमध्ये १२१६ साली भेंडी होती यावरून तेथील लागवड सिद्ध होते, जन्म नव्हे. भारतात तिचे रानटी आप्त आहेत यावरून रक्तसंबंध सिद्ध होतो, प्रथम लागवड नव्हे. या साक्षींना एकाच प्रश्नाचे उत्तर मागितल्यामुळेच त्या एकमेकींना खोट्या पाडतात असे भासले.

तिसरी गोष्ट सर्वांत मूलगामी. भेंडी मुळातच दोन वंशांच्या मीलनातून झालेली वनस्पती आहे, आणि पश्चिम आफ्रिकेत ती तिसऱ्या वंशाशी जोडली गेली. अशा वनस्पतीचा 'मूळ देश कोणता' हा एकवचनी प्रश्न तिच्या घडणीशीच विसंगत आहे. कोणते वंश, कोठे आणि कोणत्या क्रमाने एकत्र आले, हा तिच्याविषयीचा योग्य प्रश्न. वाङ्मयप्रकारांच्या आणि कथाबीजांच्या अभ्यासात उगमाकडून संक्रमणाकडे जे वळण घेतले गेले, ते येथे एका पिकाच्या पेशीतच लिहिलेले आढळते. फरक एवढाच की, येथे त्या वळणाची किंमत केवड्याने पिवळ्या पडलेल्या शेतात मोजावी लागते. पुढच्या प्रतिकारक्षम वाणासाठी लागणारी रानभेंडी दख्खनच्या बांधावर उभी आहे, आणि तिला ओळखण्यासाठी लागणारी नावे अजून मराठी, कन्नड, तेलुगू आणि तमिळ बोलींत आहेत. या दोहोंची नोंद एकाच वहीत होणे, ही या इतिहासातून निघणारी प्रत्यक्ष मागणी आहे.